कंटेनर ऑफिसात थंडीत पाणी टपकतंय, ड्रॉवर अडकतायत? सिलिकॉन मारण्याआधी हे बघा

पेपरात ‘निफाडचा पारा घसरला’ अशी बातमी आली की पुढच्या दोन दिवसांत मला फोन येतोच. “भाऊ, कंटेनर गळतोय.” पाऊस जाऊन दोन महिने झालेले असतात, आभाळ लख्ख असतं, आणि सकाळी ऑफिस उघडलं की टेबलावर थेंब, फायलींच्या कडा दमट, कपाटामागे कुबट वास. दुपारी बारापर्यंत सगळं कोरडं. बघायला येणारा माणूस दुपारी येतो, त्याला काहीच सापडत नाही. मग तो वर चढतो, जिथे शंका येईल तिथे सिलिकॉन मारतो आणि पैसे घेऊन जातो. आठ दिवसांनी परत तेच.

नाशिकच्या अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. ऑफिसचं फर्निचर मापावर बनवून देणं हा मूळ धंदा. न्हावा-शेवा बंदराकडचे जुने मालवाहू कंटेनर ट्रेलरवर कसारा घाट चढून इकडे यायला लागले, तशी त्यांची आतून ऑफिसं करून द्यायची कामंही घ्यायला लागलो. वरची तक्रार मी शेकड्याने ऐकलीय असं नाही, पण पहिल्या तीन-चार कामांत ती मी स्वतःच्या हाताने तयार करून दिलीय, एवढा अधिकार मला नक्की आहे.

पिंपळगावचं पॅकहाउस

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे एका द्राक्ष बागायतदाराच्या पॅकहाउसशेजारी २० फुटी कंटेनर उभा आहे. हंगामात त्यात सहा माणसं बसतात. आतलं काम माझं: लोखंडी पाइपची फ्रेम, मध्ये ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), वरून प्लाय आणि सनमायका, भिंतीला चिकटून कपाटं. पहिल्या हिवाळ्यात पाणी टपकलं. अण्णांनी (मालकांना आम्ही सगळे अण्णाच म्हणतो) एका वॉटरप्रूफिंगवाल्याकडून सिलिकॉन मारून घेतलं. दुसऱ्यांदा डांबराची शीट चिकटवली. तिसऱ्यांदा गच्चीला मारतात तो पांढरा कोट, दोन हात. चौथ्यांदा मला फोन.

“अरे, तीनदा पैसे घातले मी. आता तू येऊन सांग, भोक आहे कुठे?”

मी सकाळी साडेसहाला गेलो. यात शहाणपण काही नव्हतं, दिवसा वेळ नव्हता इतकंच. पण त्या वेळेमुळेच उत्तर सापडलं. कंटेनरचं छप्पर बाहेरून दवाने पांढरं झालेलं, बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. आत छताचं एक पॅनेल उतरवलं. वरच्या पत्र्याला पन्हळीच्या ओळीने थेंब लटकत होते, एकसारखे, मोजून लावल्यासारखे. ग्लासवूलचा तुकडा हातात घेतला तर ओल्या घोंगडीसारखा जड. पिळला, पाणी निघालं. भोक कुठेच नव्हतं.

अण्णांना पटेना. मी म्हटलं, “अण्णा, पहाटे बागेत पानं ओली असतात तेव्हा तुम्हाला डावणी रोगाची धास्ती असते. पान गळतंय असं म्हणता का?”

“दव आहे ते.”

“हे पण दवच आहे. फक्त आतल्या बाजूने पडलंय.”

द्राक्षवाल्याला दव समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो.

पाणी येतं कुठून

कंटेनरचं छप्पर म्हणजे साधारण २ मिलिमीटरचा पोलादी पत्रा, भिंती त्याहून थोड्या पातळ. निरभ्र रात्री हा पत्रा आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतो. अंगणात उघड्यावर लावलेल्या मोटारसायकलची सीट सकाळी ओली असते, आंब्याखाली लावलेलीची कोरडी. तोच हिशोब. ढगाळ रात्री आभाळाचं पांघरूण असतं, म्हणून त्या सकाळी कंटेनर ‘गळत’ नाही आणि लोकांना वाटतं सिलिकॉन लागू पडलं.

दुसरी बाजू आतल्या हवेची. एक माणूस नुसता बसून काम करत असला तरी श्वासातून आणि अंगातून तासाला ४०-५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. सहा माणसं, नऊ तास: सव्वादोन-अडीच लिटर. २० फुटी कंटेनरचं आतलं आकारमान ३३ घनमीटर. २२ अंशांच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त १९ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, म्हणजे सगळ्या कंटेनरमधल्या हवेची क्षमता साडेसहाशे ग्रॅमसुद्धा नाही. चहाची किटली आणि ओल्या फडक्याने पुसलेली फरशी मी धरलेलीच नाही. थंडी वाजते म्हणून दार-खिडक्या बंद, एसी बंद. उरलेलं पाणी जाणार कुठे? गार पत्रा दिसला की तिथे बसतं.

शिपिंगवाल्यांना हे फार जुनं दुखणं आहे. बंद कंटेनरमधल्या मालावर छतातून असं पाणी पडतं त्याला ते ‘कंटेनर रेन’ म्हणतात आणि त्यासाठी आत ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगतात. ऑफिसात त्या टांगू नका. बंद मालाला महिनाभर पुरतात. इथे सहा माणसं रोज नवीन पाणी ओततायत, पिशवी आठवड्यात भरेल. कुलूपबंद गोदाम असेल तर जरूर टांगा.

गळती की घाम, हे कसं ओळखायचं

कधी पडतं ते आधी लिहून काढा. निरभ्र थंड रात्रीनंतर पहाटे पडत असेल आणि उन्हं वर आल्यावर थांबत असेल तर घाम. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत, एकाच जागी, आणि पाणी मातकट किंवा गंजाच्या रंगाचं असेल तर गळती. एसी चालू असतानाच पडत असेल तर एसीच्या ड्रेन पाइपकडे बघा. ती नळी भिंतीतून नेताना उतार उलटा दिला जातो आणि पाणी पन्हळीतून वाहत भलत्याच कोपऱ्यात निघतं. हे मी दोनदा पाहिलंय. एकदा तर त्यासाठी अख्खं छप्पर रंगवून झालं होतं.

मग मोजा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, सोबत पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घ्या. ढोबळ नियम असा: आर्द्रता शंभरपेक्षा जितकी कमी, त्याला पाचाने भागा आणि तो आकडा तापमानातून वजा करा. आत २२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १०० वजा ६० म्हणजे ४०, भागिले ५ म्हणजे ८, आणि २२ वजा ८ म्हणजे १४. हा झाला दवबिंदू. पत्रा १४ अंशांखाली गेला की पाणी धरणार. पहाटे तो आठ-नऊवर असतो. आर्द्रता पन्नासच्या वर असेल तोवर हा नियम बऱ्यापैकी जुळतो. गन चकचकीत धातूवर चुकीचं सांगते, म्हणून पत्र्यावर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर धरा.

भिंत कुठे उघडी असेल तर याहून सोपं. फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी थेंब प्लास्टिकवर, आपल्या बाजूला असतील तर खोलीतल्या हवेचे. प्लास्टिकच्या मागे, पत्र्याच्या बाजूला पाणी धरलं असेल तर ते बाहेरून येतंय.

खरी गळती शोधायची असेल तर नवा कंटेनर आतून मढवण्याआधी भर दुपारी आत जाऊन दार लावून घ्या आणि डोळे अंधाराला सरावू द्या. सुईएवढं भोकही ताऱ्यासारखं दिसतं. जुना माल घेताना ही दोन मिनिटं कुणी देत नाही आणि मग दोन वर्षं भोगतं. मढवलेल्या कंटेनरला पाइपने पाणी मारून बघायचं, पण खालून वर. आधी खिडकीची खालची चौकट दहा मिनिटं, मग बाजू, मग वरची, सगळ्यांत शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

एक गोष्ट मात्र गळतीचीच. खिडक्यांसाठी पन्हळीची भिंत कापली आणि भोवती चौकोनी पाइपची चौकट वेल्ड केली नाही, तर वरची बाजू हळूहळू लवते. कंटेनरचा भार चार कोपऱ्यांवर असतो हे खरं, पण पन्हळीची भिंत नुसता पडदा नाही, तीही तो आकार धरून असते. भिंत लवली की छपरावर बरोबर खिडकीच्या डोक्यावर तळं साचतं. तिथे सिलिकॉन कितीही भरा.

कपाटं आणि ड्रॉवर

आता माझ्या मूळ धंद्याचं. पाणी टपकतं ते दिसतं तरी. फर्निचरचं नुकसान पाठीमागे चाललेलं असतं, आणि ते फर्निचरवाल्याच्या माथी येतं.

२० फुटी कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर. दोन्ही भिंती मढवल्या की हातात सव्वासात फुटांच्या आसपास उरते. दोन-दोन फुटी टेबलं समोरासमोरच्या भिंतींना लावली तर मध्ये सव्वातीन फूट, त्यात पाठीला पाठ लावून दोन खुर्च्या. एकाने खुर्ची मागे सरकवली की दुसऱ्याने श्वास रोखायचा. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं सगळं भिंतीला लावून टाका, एक इंच वाया घालवू नका. आम्हालाही तेच आवडतं. मापाचं फर्निचर म्हणजे मागे फट दिसता कामा नये, सुतारकामाची सगळी इज्जत त्या फटीवर. घरात हे बरोबर आहे. कंटेनरमध्ये हीच चूक आहे.

बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे खोलीची ऊब पोचत नाही. तो तुकडा बाकी भिंतीपेक्षा गार राहतो आणि सगळ्यांत आधी घामतो. कंटेनरच्या भिंतीला साधारण दीड इंच खोल पन्हळ असते. तिच्यातून पाणी खाली ओघळतं, तळाच्या प्लायवर उतरतं आणि कपाटाचं बूड ते चोखून घेतं.

अण्णांच्या ऑफिसात तिसरा ड्रॉवर अडकायचा, वरचे दोन सुरळीत. आमचे मिस्त्री रंधा काढून तयार.

“शेठ, दोन मिलिमीटर घासतो, लोण्यासारखा चालेल.”

“मिस्त्री, रंधा ठेवा. आधी खोक्याचं आतलं माप घ्या. वर एकदा, बुडाशी एकदा.”

वर ४२६ मिलिमीटर, बुडाशी ४२२. ड्रॉवर बिचारा जसाच्या तसा होता, बाजूच्या फळ्या बुडाशी फुगून आत आल्या होत्या. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते. तीच दाबली गेली की बॉल अडकतात. अशा वेळी ड्रॉवर घासला तर फेब्रुवारीत फळी सुकून मागे जाते आणि ड्रॉवर खुळखुळ्यासारखा वाजायला लागतो. फुगलेल्या मालाला ओल्या दिवसांत रंधा लावायचा नाही, हा आमच्याकडे आता नियम आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो. कपाटं भिंतीपासून दोन इंच पुढे ओढली. बुडाची चार इंचांची पट्टी कापून काढली आणि त्या जागी पीव्हीसीचे कमी-जास्त करता येणारे पाय लावले, वरून निघणारं स्कर्टिंग. पाठीच्या फळीत वर आणि खाली दोन-दोन इंचांची भोकं पाडून जाळीच्या टोप्या बसवल्या. म्हणजे खालून हवा शिरते, कपाटामागून वर चढते आणि वरच्या फटीतून बाहेर येते. कापलेल्या प्रत्येक कडेला आधी प्रायमर, मग एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी). दिसणाऱ्या कडांनाच नाही, मागच्या आणि बुडाच्याही. बूड कुणी बघत नाही म्हणून कच्चं सोडतात, आणि पाणी नेमकं तिथूनच चढतं. तीन आठवड्यांनी मापं पुन्हा घेतली तर ४२५ आली होती. प्लाय बराचसा मूळ जागी येतो. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की फुगला, तो बदलाच.

दुकानदार ‘मरीन प्लाय घ्या, पाण्याला भ्यायचं कारण नाही’ म्हणतो तेव्हा एवढं लक्षात असू द्या: आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा प्लाय ७२ तास उकळून तपासतात, पण त्यात तपासला जातो तो डिंक. थर सुटणार नाहीत. लाकूड आहे, ते पाणी पिऊन थोडं फुगणारच. कंटेनरसाठी मी आता तोच वापरतो, पण मागे दोन इंच सोडूनच. गिऱ्हाईक कुरकुरतं. जागा भरून काढायला एका बाजूचं टेबल दोन फुटांऐवजी दीड फूट खोल करतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला दीड फूट पुरतं, हिशोबाच्या वह्या उघडून बसणाऱ्याला दोन फुटी बाजू.

मापं घेतानाही कंटेनर फसवतो. जुन्या डब्याच्या भिंतीला पोचे असतात, क्रेनचे मार असतात. एकच माप घेऊन सहा फुटी कपाट वर्कशॉपमध्ये बनवलं तर ते जागेवर बसत नाही. मढवून झाल्यावर, तीन उंचींवर आणि तीन ठिकाणी माप घ्या आणि त्यातलं सगळ्यात लहान धरा.

जाता जाता: तळाच्या २८ मिलिमीटरच्या जुन्या प्लायचं टेबल-टॉप करून द्या, ‘रस्टिक’ दिसेल, असं दोन जणांनी मला सांगितलंय. करू नका. ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइन नियमांमुळे कंटेनरच्या तळाच्या लाकडाला कीटकनाशक पाजलेलं असतं. दारावरच्या प्लेटवर त्याची नोंदही असते. त्याचा भुसा उडवायचा नाही आणि त्यावर डबाही खायचा नाही. तो तळ जागच्या जागी राहू द्या, वरून सिमेंट बोर्ड किंवा विनाइल अंथरून बंद करा.

दुरुस्ती कुठून सुरू करायची

आधी फुकटातलं. थंडीत खिडकी उघडा. बाहेर दव पडतंय, आणखी ओल येईल, ही भीती उलटी आहे. दहा अंशांच्या बाहेरच्या हवेत, ती अगदी दवाने भिजलेली असली तरी, घनमीटरमागे साडेनऊ ग्रॅमच्या आतच पाणी असतं. तुमच्या आत त्यापेक्षा जास्त आहे. एका टोकाला वर सहा इंची एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या टोकाला खाली जाळीचं तोंड, एवढ्याने पिंपळगावला अर्ध्याहून जास्त पाणी थांबलं. फॅन माणसं गेल्यावर तासभर चालू राहिला पाहिजे, म्हणून टायमर लावला. माणूस जाताना बटण बंद करतोच. चहाची किटली बाहेर पॅकहाउसमध्ये हलवली. याला अण्णांनी सगळ्यांत जास्त विरोध केला.

नंतर छप्पर. पांढऱ्या कोटने उन्हाळ्यात दिवसा फरक पडतो, पण रात्री पांढरा रंगही आकाशाकडे उष्णता तितकीच सोडतो. म्हणून अण्णांचे ते पैसे घामासाठी वाया गेले, एप्रिलसाठी नाही. खरा उपाय म्हणजे वर दुसरं छप्पर: फूटभर अंतर सोडून रंगीत पत्र्याची शेड, दोन्ही बाजू मोकळ्या. आकाशाकडे तोंड शेडचं राहतं, कंटेनर आंब्याखालच्या मोटारसायकलसारखा सुटतो, आणि उन्हाळ्याचाही ताप जातो. शेडचे खांब कंटेनरच्या चार कोपऱ्यांतल्या कास्टिंगवर (जाड पोलादी ठोकळ्यांवर) घ्या. छपराच्या पत्र्याला ड्रिल लावलं तर आजवर नसलेली गळती तुम्ही स्वतः सुरू केलीत.

सगळ्यांत शेवटी, आणि सगळ्यांत खर्चिक, आतलं इन्सुलेशन. ग्लासवूल वाईट नाही, पण त्याच्या आतल्या बाजूला वाफ अडवणारा अखंड थर नसेल तर खोलीतली दमट हवा प्लायच्या सांध्यांतून आत शिरते, लोकर ओलांडून पत्र्याला भिडते आणि तिथे पाणी होते. लोकर ते धरून ठेवते. माझ्या पहिल्या कामात हेच झालं. आता मी पत्र्याला थेट पीयू (पॉलियुरेथेन) फोम फवारून घेतो, दीड-दोन इंच. पत्र्याला चिकटलेल्या फोममागे हवाच उरत नाही, त्यामुळे घाम धरायला जागा नाही. नाशिकला कोल्ड स्टोरेजची कामं करणारी मंडळी भरपूर आहेत, त्यांना हे काम हातचं आहे. फवारण्याआधी गंज घासून, पत्रा पूर्ण कोरडा करून, दुपारच्या उन्हात. आणि फोम उघडा ठेवू नका, तो पेटतो. वरून जिप्सम बोर्ड हवाच.

भिंतीवर दर दोन फुटांना उभा काळपट पट्टा दिसतोय? ती फ्रेम आहे. लोखंडी पाइप पत्र्याला सरळ वेल्ड केला की बाहेरचा गारवा त्यातून आत येतो आणि पाइपच्या रेषेत ओल धरते, अगदी झेब्र्यासारखी. मधल्या भागाला फोम मारून पाइप उघडे ठेवले तर पट्टे आणखी ठळक होतात. पाइप आणि बोर्ड यांच्यामध्ये रबराची किंवा जाड फोमची पट्टी घाला, नाहीतर फ्रेमच पत्र्यापासून सुटी, तळ आणि छताच्या कडेला धरून उभी करा.

सकाळी आरसीसीबी पडते?

आरसीसीबी म्हणजे वीज कुठे गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच. हे वेगळं लिहितो कारण इथे टाळाटाळ चालत नाही. सकाळी मेन उडतो आणि अकरानंतर आपोआप टिकतो, असं होत असेल तर बाहेरच्या भिंतीवरच्या एखाद्या बोर्डात घामाचं पाणी उतरतंय. इलेक्ट्रिशियन “आरसीसीबी खराब आहे, काढून टाकू” म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. लोखंडी डब्यात बसलाय तुम्ही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि कंटेनरच्या अंगाला स्वतंत्र अर्थिंग, ही दोन्ही असलीच पाहिजेत. बोर्ड बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या पार्टिशनवर किंवा टेबलाच्या पायावर घ्या. वायरिंगची नळी वरून खाली बोर्डात न उतरवता खालून वर न्या, म्हणजे पाणी नळीतून बोर्डात शिरत नाही.

पावसाळ्यात उलटं

जुलै-ऑगस्टमध्ये वरचा खिडकीचा सल्ला लागू करू नका. तेव्हा २५ अंशांची, ९० टक्के दमट हवा बाहेर असते, तिचा दवबिंदू २३. एसी २० वर लावून दार सताड उघडं ठेवलं की आतली प्रत्येक गार वस्तू घामणार: स्टीलचं कपाट, काच, एसीची झडप. इगतपुरी-घोटीकडच्या साइटवर हे जास्त. दार बंद, एसी २५-२६ वर किंवा ड्राय मोडवर. आणि लहान जागेला मोठा एसी घेऊ नका. दीड-दोन टनी एसी दहा मिनिटांत गार करून कॉम्प्रेसर बंद करतो, हवा गार होते पण ओल तशीच राहते.

फोन करायचाच असेल तर सोबत एवढं पाठवा: पाणी दिसलं ती वेळ, रात्री आभाळ कसं होतं, आतलं तापमान आणि आर्द्रता, टेपवर गन धरून घेतलेलं पत्र्याचं तापमान, आणि कपाट दोन इंच ओढून त्यामागचा एक फोटो. गेल्या जानेवारीत अण्णांचा फोन आला तेव्हा मी हीच यादी सांगायला लागलो. ते म्हणाले, “पाणीबिणी काही नाही रे. कपाटामागच्या त्या तुझ्या फटीत चेकबुक पडलंय, काढायचं कसं?”